कलमाखालचा फुटवा

रोपवाटिका,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी लिहितो, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. रक्ताचा अहवाल आला. माझ्यात तो बिघाड नाही. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आता घरी जाऊन झोपा.

काकांचा मुलगा जिन्यात कोसळला तेव्हापासून मी धड झोपलो नव्हतो. तो वाचला ही देवाची कृपा. पण त्याच्या हृदयाची भिंत जाड झालेली निघाली, त्यामागे एका जनुकातला बारीकसा बिघाड सापडला आणि तो आईबापाकडून मुलाकडे निम्म्या शक्यतेने उतरतो असं कळलं, तेव्हापासून मला सारखे अण्णा दिसत होते. हातात पाण्याची नळी, आणि वाफ्यात आडवे. काकाही तसेच गेले. आपल्या घरातले पुरुष पन्नाशीला टेकले की उठून जातात, असं आई म्हणायची. मला पुढच्या वर्षी पन्नास पुरी होतील.

हृदयाच्या सोनोग्राफीत माझी भिंत जाडीला काठावरची निघाली होती. ते रक्तदाबानेही होतं, जनुक काय म्हणतं त्यावर ठरवू, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. जनुक नाही म्हणालं. माझ्यातच नाही तर मासोळीत कुठून येणार, म्हणून लेकही मोकळी. तिची तपासणी करायचं कारणच उरलं नाही. तिला सांगितलं तेव्हा ती ओल्या केसांनी गळ्यात पडली आणि माझा सदरा भिजवून गेली. एप्रिलमध्ये जलाशय आरपार पोहण्याची स्पर्धा आहे. महिनाभर तिला पाण्याबाहेर ठेवली होती, त्याचा वचपा ती आता सकाळ-संध्याकाळ काढते आहे.

एक गंमत राहिली. अहवालाच्या आधी प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन आला. फार संकोचून विचारत होती की नमुना बाईचा दिसतोय, नावात काही घोटाळा झाला आहे का. मी तिला सांगितलं की मला मिशा आहेत आणि त्या पिकायलाही लागल्या आहेत. नोंदणीत चुकलं असेल, दुरुस्त करते, म्हणाली बिचारी. तुझ्या वहिनीला तर हसू आवरेना. तिचं म्हणणं, पंचवीस वर्षांपूर्वी ताईंची अस्थिमज्जा अंगात घेतली तेव्हापासून हे कुणाचं ऐकेनासे झाले, आता बाकीचंही बाहेर पडायला लागलं.

तूही तपासून घे. टाळू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
माळीबुवा

*

दुग्धशाळा वसाहत,
१६ फेब्रुवारी, सकाळी

चि. माळीबुवास,
अ. आ.

कामावर निघता निघता लिहिते आहे, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं पत्र उंबऱ्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारीण विचारून गेली की चक्कर आली का. तिला म्हटलं, उतरली.

मासोळीला सांग, आत्याने पोहण्याचा नवा चष्मा घेऊन ठेवला आहे. घेतला होता आधीच, धाडायचा धीर होत नव्हता. आता या पत्रासोबतच धाडते. तुझ्या मिशांची गोष्ट मी आज दुग्धशाळेतल्या आमच्या सगळ्या प्रयोगशाळेला ऐकवणार आहे. वहिनीला म्हणावं, माझं रक्त मिळूनही तुझा आळस गेला नाही, यात दोष रक्ताचा नाही.

घाईत आहे. लोभ जागता ठेव.

ताई

*

दुग्धशाळा वसाहत,
१६ फेब्रुवारी, संध्याकाळी

चि. माळीबुवास,
अ. आ.

सकाळचं पत्र फाडून टाक. मघाशी फोनवर मी तुला सांगितलं की तो अहवाल तुझा नाही, माझा आहे, आणि तू बरं म्हणून फोन ठेवलास. तुझं ते बरं मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ, ऐकायचं नाही. म्हणून लिहून पाठवते, म्हणजे तुला पुन्हा पुन्हा वाचावं लागेल.

माझं काम तुला ठाऊक आहे. विरजणाचे जिवाणू बशीत वाढवायचे, भेसळ झाली नाही ना ते बघायचं. आज एका बशीवर नाव एका वाणाचं होतं आणि आत ठिपके उगवले होते दुसऱ्याच वाणाचे. पलीकडच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला मी रोजचं सुनावलं, की वर काय लिहिलंय ते वाचू नका, आत काय वाढलंय ते बघा. तोंडातलं वाक्य संपलं नव्हतं आणि मला तुझ्या मिशा आठवल्या.

पंचवीस वर्षांपूर्वी तुझ्या हाडांमध्ये रक्त तयार व्हायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी तुझी मज्जा औषधांनी पुसून काढली आणि तिथे माझी रुजवली. तेव्हापासून तुझं रक्त तयार करणाऱ्या पेशी माझ्या आहेत. माझ्या म्हणजे अगदी माझ्या, बाईच्या. ती मुलगी बरोबर होती. त्यांनी तुझ्या नावाने मला तपासलं. बाकी तू तूच आहेस. हृदय, कातडी, आणि मासोळीला जे दिलंस ते, सगळं तुझं स्वतःचं, अण्णांकडून आणि आईकडून आलेलं. त्यातलं काहीच अजून कुणी तपासलेलं नाही.

म्हणजे मोकळी मी आहे. हे लक्षात आलं तेव्हा पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. ते तुला कळायला हवं. मग बशी खाली ठेवली आणि बराच वेळ हात धूत उभी राहिले.

डॉक्टरांना ती जुनी गोष्ट सांग. त्यांनी विचारली नसेल आणि तुला सांगायची सुचली नसेल. मलाही सुचली नाही, आणि माझा तर हा धंदा. पण आता मासोळीला पाण्यातून बाहेर काढ. आजच.

ताई

*

रोपवाटिका,
२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी सकाळचं उघडलं गेलं, हे माझं नशीब.

तुझं म्हणणं समजायला मला कुणाची मदत लागली नाही. मागच्या वर्षी एक निवृत्त मास्तर भांडायला आले होते. माझ्याकडून लाल गुलाब नेला आणि त्याला बारकी पांढरी फुलं येतात, म्हणजे मी फसवलं. त्यांच्या अंगणात जाऊन गुडघ्यावर बसलो. खुंट रानगुलाबाचा असतो, त्यावर आपण लाल गुलाबाचा डोळा भरून कलम करतो. लाल वाळून गेला होता आणि जोडाच्या खालून रानगुलाबाचा फुटवा जोमाने वर आला होता. मास्तरांना म्हटलं, हे खुंटाचं फूल आहे. खुंट इतके दिवस खाली गप्प होता, एवढंच. तेव्हा खुंट मी, आणि वरची फांदी तू. फांदीचं पान तपासलं आणि खुंट निरोगी म्हणून शिक्का मारला. पान खुडायला हवं होतं कलमाच्या खालचं.

कळलं, पण जीव ते घ्यायला तयार नाही. घरात अजून काही बोललो नाही. मासोळी पोहायला जाते आणि मी काठावर जाऊन बसतो. तिला वाटतं, बापाला कौतुक. तिचं डोकं पाण्याखाली गेलं की माझा श्वास थांबतो, वर आलं की सुटतो. देवाचं नाव घ्यायला बसतो तर तेही मध्येच तुटतं आणि मी पुन्हा पाण्याकडे बघायला लागतो. काल तिच्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं की तुमचीच तब्येत बरी नाही का.

मनात येतं की एवढी स्पर्धा होऊन जाऊ दे. दोन महिने. इतकी वर्षं पोहली तेव्हा काही झालं नाही. तिचा चेहरा तू पाहिला नाहीस. आणि दुसरं असं, की देवाने एकदा हो म्हटलं आहे. आता पुन्हा दारात जाऊन खरंच का म्हणून विचारायचं, हा मला अविश्वास वाटतो. तू हसशील.

वहिनीला फोन करू नकोस. मी वेळ बघून सांगतो.

तुझा,
माळीबुवा

*

दुग्धशाळा वसाहत,
२५ फेब्रुवारी

चि. माळीबुवास,
अ. आ.

हसले नाही. पण रागावले आहे, आणि ते तू या पत्रात सोसून घे.

देवाने तुला हो म्हटलेलं नाही. मला म्हटलं आहे. तुला विचारायचं अजून बाकीच आहे, त्यामुळे अविश्वासाचा प्रश्नच येत नाही. तू दारापर्यंत गेलेलाच नाहीस. आणि काठावर बसून श्वास धरतोस ते कशासाठी? ज्याला खरंच पटलंय की मुलगी मोकळी आहे, तो त्या वेळात रोपांना पाणी घालतो.

तुझ्या कातडीचा तुकडा घेतील, पेशी वाढवतील, तपासतील. त्याला आठवडे लागतील. पण मासोळीसाठी त्याची वाट बघायची गरज नाही. तिचं रक्त तिचं स्वतःचं आहे. तिच्या हृदयाची सोनोग्राफी तर उद्या होऊ शकते. तू मधला दुवा म्हणून आधी तुला तपासलं, एवढंच. दुवा चुकीचा निघाला तर सरळ तिच्यापाशी जायचं.

माझ्या बशीतले जिवाणू कधी कधी शेजाऱ्याला आपल्यातला एखादा जनुक देऊन टाकतात. नातं लागत नाही, नुसता शेजार पुरतो. आणि एकदा दिला की तो त्या शेजाऱ्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो. मी ते रोज बघते आणि कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. या आठवड्यात मात्र हेवा वाटला. मी तुला दिलं ते तुझ्यापाशी थांबलं. मासोळीपर्यंत ते गेलंच नाही, जाऊ शकत नाही. गेलं असतं तर मी तुला हाडं रिकामी करून दिली असती.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. रविवारी दुपारी मी वहिनीला फोन करणार आहे. तोवर तू सांगितलं असलंस तर मी फक्त हवापाणी विचारीन. नसलंस तर मी सांगेन. ठरव.

रागातही माया आहे, हे तुला सांगायला नको.

ताई

*

घरून,
८ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तू रविवारी आईला हवापाणीच विचारलंस. बाबांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तलावाच्या काठावर, मी टॉवेल शोधत असताना. टॉवेल त्यांच्याच हातात होता आणि ते तो द्यायचं विसरले होते. मी कुडकुडत सगळं ऐकलं.

माझी भिंत बाबांच्यापेक्षा जाड निघाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवून दाखवलं. मला फक्त एक मूठ उघडमीट करताना दिसली, आणि तिच्यात काही चूक आहे असं बघून तरी वाटत नव्हतं. मग त्यांनी मला सरकत्या पट्ट्यावर पळवलं आणि यंत्र मध्येच थांबवलं. स्पर्धा बंद, म्हणाले. जोराचं काहीच नाही. रक्तही घेतलं आहे, पण त्यांच्या बोलण्यावरून ते नुसतं कागदासाठी. बाबांच्या दंडाची कातडी घेतली. टाका एकच आहे, पण आई त्यांना जेवताना चमचासुद्धा उचलू देत नाही.

बाबांना लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. त्यांनीच दिलं. मी कुणावर रागवायचं ते मला ठरवता येत नाहीये. तुझ्यावर रागवावं तर तू मला वाचवलंस, असं सगळे म्हणतात. बाबांवर रागवावं तर ते जाता-येता माझ्या खोलीच्या दारात उभे राहतात आणि परत फिरतात. प्रशिक्षक बाईंनी स्पर्धेतून माझं नाव काढलं आणि माझ्या जागी मैत्रीण पोहणार आहे. तिने मला विचारलं की चालेल ना. मी हो म्हटलं आणि घरी येऊन तुझा चष्मा कपाटाच्या मागे टाकला. आता तो निघत नाही.

तुझं बाबांना पोचलं, माझ्यापर्यंत नाही. हे तू लिहिलंयस ते खरं आहे आणि मला ते वाचून तुझा राग आला, एवढं मात्र नक्की.

एक विचारते. मी सहा वर्षांची असल्यापासून पाण्यात आहे. तेव्हाही हे माझ्यात होतंच ना? मग पाण्यात मला इतकं बरं कसं वाटायचं? कुणीतरी आतून आधीच सांगायला नको होतं का?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मासोळी

*

दुग्धशाळा वसाहत,
१३ मार्च

चि. मासोळीस,
अनेक आशीर्वाद.

राग माझ्यावरच ठेव. मी लांब राहते, मला तो परवडतो. बाबांना तो घरातल्या घरात सोसवणार नाही.

होतंच. तू आईच्या पोटात नुसता एक ठिपका होतीस तेव्हापासून होतं. आणि पोहणंही त्याच ठिपक्यात होतं. तुझे खांदे अण्णांचे आहेत; तू अण्णांना पाहिलं नाहीस, पण पाण्याचे भरलेले मोठे डबे ते दोन हातांत दोन असे उचलायचे आणि वर गाणं म्हणायचे. खांदे आणि तो बिघाड वेगवेगळ्या वाटांनी आले, पण आले एकाच माणसाकडून. एक ठेवून दुसरं परत करता येत नाही. मी तुला यापेक्षा बरं काही सांगू शकले असते तर सांगितलं असतं. शिकले मी हेच, आणि त्यात तुझ्या कामाचं फारसं काही नाही.

आतून कुणी सांगत नाही. माझे जिवाणूसुद्धा काही सांगत नाहीत. बघावं लागतं. आम्ही सगळ्यांनी बघायला उशीर केला.

मी येत्या शनिवारी येते. कपाट सरकवायला दोघी लागू.

तुझी,
आत्या

*

रोपवाटिका,
१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर पुन्हा गप्प झालं आहे, पण आधीसारखं नाही. कातडीचा अहवाल आला. या वेळी प्रयोगशाळेतून कुणी काही विचारलं नाही. नमुना पुरुषाचाच निघाला. आणि बिघाड आहे. मासोळीच्या रक्तातही तोच, तिथेच. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. इतके सारखे, की नाव वाचल्याशिवाय ओळखू येईनात.

मला वाटलं होतं की ऐकल्यावर मी खचेन. खचलो नाही. अस्वस्थ आहे, ते राहणारच. पहाटे जाग येते आणि पलीकडच्या खोलीतून तिच्या कुशी बदलण्याचा आवाज आला की मग उठतो. देवाचं नाव आता सलग घेता येतं. मागत काही नाही. नुसतं घेतो.

दोघांना एकच गोळी आहे, सकाळी एक. वहिनीने डबी टेबलावर मधोमध ठेवली आहे. मासोळी आधी माझ्या तळहातावर ठेवते, मग स्वतः घेते, आणि मी गिळली की नाही ते बघत उभी राहते. लेकराकडून असं काही घेण्याची मला सवय नव्हती. अण्णांनी मला दिलं, मी तिला दिलं, आणि आता रोज सकाळी तीच मला उतारा देते. तिला पुढे छातीत यंत्र बसवावं लागेल का, ते दर सहा महिन्यांनी बघून ठरवायचं आहे. ती जोराने पोहू शकत नाही, पण उथळ पाण्यात सावकाश तरंगायला परवानगी आहे. ती परवानगी तिने अजून वापरलेली नाही.

मला कुंड्या उचलायला मनाई आहे. नळी धरलेली चालते म्हणाले. वहिनीला ते आवडलं नाही. नळी हातात घेतली की ती काहीतरी निमित्त काढून मागे येऊन उभी राहते.

काल गुलाबांच्या ओळीतून जाताना एका कलमाखाली फुटवा दिसला. रोज दिसतात आणि रोज खुडतो, नाहीतर वरची फांदी मरते. या वेळी जरा वेळ बघत राहिलो. चांगला टवटवीत होता, त्याचा काही दोष नव्हता. मग खुडला. कामच आहे ते.

रविवारी स्पर्धा आहे. मी जाणार नव्हतो. मासोळी म्हणाली की तिला सोडायला कुणीतरी हवं. खाली तिलाच लिहायचं आहे म्हणून जागा सोडतो. येत राहा, आणि आमच्यावर रागवत राहा.

तुझा,
माळीबुवा

ता. क. आत्या, मी स्पर्धेत होडीत बसणार आहे. मैत्रिणीच्या बाजूने होडी चालवतील आणि ती वाट चुकली की मी शिट्टी वाजवायची. या पाण्याची वाट तिच्यापेक्षा मला जास्त पाठ आहे. डॉक्टरांना विचारलं, शिट्टीला हरकत नाही. कपाटामागून काढलेला चष्मा तिला दिला आहे, उसना. बाबांना आज गोळी घ्यायची आठवण तीनदा करावी लागली. आई म्हणते, रक्त ताईंचं आहे, ऐकणार कुठून. म्हणून मी आता आठवण करत नाही. सरळ तोंडात घालते.

मासोळी